बाण डोक्याकडे

१

कात्रीबाई हे नाव हॉस्पिटलनं दिलेलं, आणि बाईंनी ते आढेवेढे न घेता घेतलं. सत्तावीस वर्षं हातात कात्री होती आणि जीभही त्याच पोलादाची होती, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार? त्वचारोग विभागात तिसऱ्या मजल्यावर, जिना संपला की उजव्या हाताला त्यांची कागदखोली. एक लांब टेबल, दोन स्टुलं, एका बाजूला छतापर्यंत गेलेली खिडकी आणि समोर दुधी काचेची भिंत. त्या भिंतीत एक दार, दारापलीकडे औषधखोली. औषधखोलीत जायला दुसरी वाट नव्हती. जाणारा-येणारा कात्रीबाईंच्या डोळ्यांखालून जाणार, हे ठरलेलं.

काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या अंगावर जन्मापासून लाल डाग असतो. कुणाच्या मानेवर, कुणाच्या दंडावर. त्या डागावर पातळ पारदर्शक कागद ठेवायचा आणि पेन्सिलीनं कड गिरवायची. मग तो कागद खिडकीच्या काचेला चिकटवून उजेडात कड शाईनं पक्की करायची. त्याच मापाचा टीपकागद कापायचा. औषधखोलीत शिशाच्या विटांआड मोठे डॉक्टर त्या टीपकागदावर किरणांचं औषध थेंब थेंब सोडत, दिव्याखाली वाळवत. वाळलेला तुकडा प्लास्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळून डागावर पट्टीनं बसवायचा, ठरलेले तास ठेवायचा, चिमट्यानं काढून शिशाच्या डब्यात टाकायचा. दोनेक आठवड्यांत कातडी भाजल्यासारखी लालभडक व्हायची, मग सोलायची, आणि खालून फिकी, कोरी कातडी वर यायची. कागद केसभर बाहेर गेला तर चांगली कातडी भाजायची. केसभर आत राहिला तर डागाची किनार जन्मभर उरायची. म्हणून तर कात्रीबाई. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती कड जमत नव्हती.

गिरवलेल्या प्रत्येक कागदावर त्या रोग्याचा नंबर लिहीत, तारीख लिहीत आणि एक बाण काढत. बाणाचं टोक रोग्याच्या डोक्याकडे. म्हणजे तुकडा उलटा बसायची भीती नाही. ही पद्धत त्यांची स्वतःची. मोठे डॉक्टर एवढे शिकलेले, पण त्यांना ती सुचली नव्हती, आणि वर्षातून एकदा तरी बाई त्यांना हे ऐकवत.

त्या वर्षी मात्र बाई दमल्या होत्या. बोटांची टोकं कोरड्या सालासारखी झाली होती, नखं उभी चिरत होती. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबावं लागे, आणि कुणी पाहिलं तर त्या भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं दाखवत. तेवढ्यात लेकीनं परस्पर नाव घातलं होतं. पुढच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला त्यांच्याच नातीचा नंबर होता. पाच वर्षांची पोर, डाव्या गालावर डाग: खाली रुंद, कानाकडे निमुळता, आणि नाकाकडच्या बाजूला करंगळीच्या टोकाएवढी खाच. बाईंना गिरवायचीही गरज नव्हती. पाच वर्षं ते तोंड त्याच धूत आल्या होत्या.

२

आदल्या आठवड्यातल्या सोमवारी एक म्हातारा शिंपी आला. डाग खांद्यावर. बाईंनी कड गिरवली, कागद खिडकीला चिकटवला आणि शाई घेतली. शिंपी शर्टाची बटणं लावता लावता खिडकीकडे बघत राहिला.

"बाई, तो शेजारचा कागद कुणाचा?"

"तुमचा नाही."

"ते कळलं हो. पण कुणाचा?"

"शनिवारी एक शिक्षिका आल्या होत्या. मनगटावर डाग होता. काढायचा राहिला खिडकीवरून. अजून काही चौकशी? त्यांचा पत्ता देऊ?"

शिंपी हसला नाही. उठून काचेशी गेला आणि बोट न लावता दोन रेघांच्या मधून नख फिरवल्यासारखं केलं. "माझा जन्म कापडात गेला, बाई. वेगवेगळ्या थानातले दोन तुकडे असे बसत नाहीत. हे एकाच कापडातून कापलेत. शिवणीला जागासुद्धा सोडलेली नाही."

"तुमच्या खांद्यातून आणि त्यांच्या मनगटातून?"

"मी फक्त काय दिसतं ते सांगितलं."

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. खाली पहिल्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे, जाता जाता दाखवा."

तो गेला. बाई हातात शाईची लेखणी घेऊन उभ्या राहिल्या. खिडकीवर दोन कागद शेजारी शेजारी होते. शिंप्याच्या डागाची उजवी कड आणि शिक्षिकेच्या डागाची डावी कड यांच्यात सुई घालायला वाव नव्हता.

३

बाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. माणसांवरही बेताचाच होता. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दाराला आतून कडी घातली आणि कागदांचा खण टेबलावर उपडा केला. वाकडी रेघ वाकड्या रेघेला कधी ना कधी जुळणारच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हजारो कागद आहेत, फिरवून फिरवून बघितलं तर कशालाही काहीही जुळेल.

पण फिरवावं लागलंच नाही. सगळे बाण वर ठेवले आणि तारखांच्या क्रमानं कागद लावत गेल्या, तसतसा आलेला प्रत्येक रोगी आदल्या रोग्याला जाऊन चिकटत होता. कधी बाजूनं, कधी खालून. शुक्रवारचा कागद शनिवारच्या खाली. त्याआधीच्या मंगळवारचा त्याच्या बगलेत.

मग त्यांनी दहा वर्षांपूर्वीचे कागद घेतले. ते जुळेनात. कसेही फिरवले तरी जुळेनात. बाईंना एवढं हायसं वाटलं, की त्या स्टुलावर टेकल्या. नंतर पाच वर्षांपूर्वीचे घेतले, तेही जुळले नाहीत. जुळायला सुरुवात झाली ती गेल्या वर्षी एका बुधवारपासून. त्या बुधवारी काय झालं होतं? काही नाही. नवा दिवा आला नव्हता, औषधाची बाटली बदलली नव्हती, कुणी मेलं नव्हतं. पायाच्या पोटरीवर डाग असलेला एक पोस्टमन आला होता आणि उन्हाला शिव्या देऊन गेला होता. एवढंच.

तेव्हापासून एक्केचाळीस रोगी. बाईंनी एक्केचाळीस कागद खिडकीच्या काचेवर लावले. शेवटचे काही वर पोचेनात म्हणून स्टुलावर चढल्या. लावून झाल्यावर खाली उतरल्या आणि दुधी काचेला पाठ लागेपर्यंत मागे गेल्या.

उजेडात काळ्या शाईच्या रेघा होत्या, गावांच्या नकाशात असतात तशा. पण बाहेरची कड धरून पाहिलं, तर दोन पाय होते. अंगालगत सोडलेले दोन हात होते. मान होती. डोकं होतं. उंची बाईंच्या कमरेच्या जरा वर. कुणीतरी लहान, सरळ उभं, आपल्याकडे तोंड करून.

एकच तुकडा कमी होता. डाव्या गालाचा. खाली रुंद, कानाकडे निमुळता.

बाईंनी कागद काढायला घेतले तेव्हा त्यांना जाणवलं, की आपण ते खालून वर काढत आहोत, म्हणजे पाय आधी. असं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

४

बुधवारी एक इस्त्रीवाली तपासायला आली. आठ महिन्यांपूर्वी तिच्या हातावरचा डाग काढला होता. कातडी कोरी, कड अशी सुरेख की बाईंना एरवी अभिमान वाटला असता. त्या जागेच्या मधोमध आता भाजल्याचा व्रण होता.

"इस्त्री लागली," ती म्हणाली. "वास आला तेव्हा कळलं."

"चटका बसला नाही?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. तिथलं मला काही कळतच नाही, डॉक्टर. हात लावला की दुसऱ्याच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटतं. अंघोळ करताना लाजल्यासारखं होतं मला."

डॉक्टरांनी मान हलवली, किरणांनी कातडी जरा निबर होते, घाम येत नाही, स्पर्श मंदावतो, असं समजावलं आणि मलम लिहून दिलं. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "आणखी किती जण असं म्हणाले?"

"काय म्हणाले?"

"की ती जागा आपली वाटत नाही."

डॉक्टर हात धूत होते. ते भले गृहस्थ होते, आणि तेही दमलेले होते. "बाई, अंगावरचं काही गेलं की माणूस काहीही बोलतो. टक्कल पडल्यावर मी काय काय बोललोय, ते माझ्या बायकोला विचारा."

"माझ्या नातीचा डाग आपोआप जाईल का?"

"कातडीवर उठलेला, फुगीर डाग आहे तो. लहान मुलांचे तसे डाग पुष्कळदा आपोआप जातात. पाच-सात वर्षांत, कधी दहा."

"मग आपण औषध कशाला लावतो?"

"कारण आया थांबायला तयार नसतात. आम्ही लावतो, डाग जातो, कशानं गेला ते देव जाणे, आणि श्रेय आम्ही घेतो. हे बाहेर बोलू नका."

५

घरात तिघीच. बाई, टायपिस्ट लेक आणि नात. लेक भांडी पुसत होती.

"गुरुवारची अर्धी रजा टाकलीय मी."

"नाव काढून घे," बाई म्हणाल्या.

लेकीनं फडकं खांद्यावर टाकलं. "का?"

"लहान आहे ती अजून."

"सहा महिन्यांच्या पोरांचे कागद कापलेस तू. जेवताना फुशारक्या मारायचीस."

"डाग आपोआप जातो. डॉक्टर म्हणाले."

"कधी? तिच्या लग्नात? आई, शाळेत तिच्याशेजारी कुणी बसत नाही. काल एका पोरीनं ओला रुमाल घेऊन तिचा गाल पुसून बघितला. ही गप्प बसून राहिली, पुसू दिलं तिनं. मला घरी येऊन सांगते, निघालं नाही म्हणून." लेकीचा आवाज चिरला, तिनं तो लगेच सावरला. ती बाईंचीच लेक होती. "तुझ्या हातून हजार माणसं कोरी होऊन गेली. माझ्याच पोरीच्या वेळेला तुझ्या हातात कापरं भरलं?"

"तोंड सांभाळून बोल."

"हे तोंड तुझ्याकडूनच आलंय. मला एक कारण दे. पटलं तर उद्या नाव काढते."

बाई पुसलेली भांडी फळीवर रचायला लागल्या. काय सांगणार? कागद जुळतात म्हणून? अशी बडबड करणाऱ्या रोग्यांना त्यांनी आयुष्यभर चिमटे काढले होते. वेडी म्हणतील याची त्यांना पर्वा नव्हती. थकली म्हणतील, कात्री काढून घेतील, आणि मग कुणी दुसरी बाई त्या गालावर आपल्या आडमुठ्या हातानं कागद ठेवेल, याची होती.

"नाही ना कारण?" लेक म्हणाली. "मग गुरुवारी साडेनऊ."

६

गुरुवारी नात मांडीवर बसली. बाईंनी गालावर कागद ठेवला आणि पेन्सिल टेकवली.

"आजी, गुदगुल्या होतात."

"हलू नकोस. हललीस तर नाकही कापून टाकेन."

"मग मी वास कशानं घेऊ?"

"वास घेण्यासारखं इथं काही नाही."

रेघ पुरी झाली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी तो कागद खिडकीला लावला नाही. टेबलावरच, डोळे ताणून, शाई फिरवली. मग टीपकागदाचे दोन तुकडे कापले. एक डॉक्टरांना दिला. दुसरा नळाच्या पाण्यात बुडवून खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला.

डॉक्टर औषध घालून, तुकडा वाळवून, ट्रेमध्ये ठेवून वॉर्डात निघून गेले. बाई औषधखोलीत शिरल्या. टेबलावर किरणं मोजायचं यंत्र होतं. डॉक्टरांचा तुकडा त्याच्यापुढे धरला तशी त्याची टिकटिक एकात एक मिसळून कापड फाटल्यासारखा आवाज झाला. तो तुकडा त्यांनी शिशाच्या डब्यात टाकला, झाकण लावलं. मग पाण्याचा तुकडा धरला. टिक. बऱ्याच वेळानं टिक. काही न धरता यंत्र जेवढं वाजतं तेवढंच. त्यांनी तीनदा खात्री केली.

तो तुकडा नातीच्या गालावर बसवताना बाईंच्या मनात आलं, जन्मात पहिल्यांदा रोग्याला फसवलं, आणि रोगी कोण तर ही. पण त्यांना हलकं वाटलं. औषध लावून पाहिलं म्हणून लेकीचं समाधान होईल, डाग जागेवर राहील, दोन वर्षांनी आपोआप गेला तर गेला.

तास भरले. पट्टी काढली. गाल होता तसा होता. लेक नातीला घेऊन घरी गेली आणि बाई टेबल आवरायला लागल्या, तेव्हा त्यांची नजर उरलेल्या टीपकागदावर पडली. मधून तो पाण्याचा तुकडा गेलेला, खाचेसकट तंतोतंत भोक. फसवायचंच होतं तर त्यांनी साधा चौकोन कापायला हवा होता. वाकडातिकडा कापायला हवा होता. पण हाताला वाकडं कापताच आलं नव्हतं. आणि तुकड्यावर, कुणी न सांगता, बाणही काढला होता. टोक डोक्याकडे.

७

चौथ्या दिवशी गालावरचा डाग भाजल्यासारखा लालभडक झाला.

पट्टीच्या चिकटपणानं झाला असेल, बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, त्यांनाच माहीत. आठव्या दिवशी तो सोलायला लागला. नात आरशासमोर उभी राहून पापुद्रे मोजायची. लेक आनंदानं गुणगुणत होती आणि आईशी पूर्वीसारखं गोड बोलत होती, आणि ते गोड बोलणं बाईंना सोसवत नव्हतं. यंत्र बिघडलं असेल. तुकडे बदलताना आपलाच घोळ झाला असेल. म्हातारपणी होतात चुका. त्यांनी यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं होतं, ते ठीक होतं. डाग आपोआपही जातात, पण ते मधल्या भागापासून विरत विरत जातात. कात्रीनं कापल्यासारखी त्यांना कड येत नाही.

पंधराव्या दिवशी लेक नातीला तपासायला घेऊन आली. डॉक्टर अजून वॉर्डात होते.

"मी बोलावून आणते त्यांना," लेक म्हणाली. दारातून परत फिरली आणि आईच्या खांद्याला हात लावला. "आई, त्या दिवशी मी बोलले ते मनात ठेवू नकोस."

"जा. नाहीतर ते चहाला पळतील."

लेकीची पावलं जिन्यावरून उतरत गेली. कागदखोलीत आजी आणि नात राहिल्या. औषधखोलीच्या दाराला या बाजूनं कडी घातलेली होती. सकाळी आल्यावर बाईंनीच ती पाहिली होती. आत कुणी नव्हतं. जायला दुसरी वाटच नव्हती.

बाईंनी पोरीला दुधी काचेसमोर स्टुलावर बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या. डावा गाल कोरा होता. खाली रुंद, कानाकडे निमुळता, खाचेसकट कोरा, बाकीच्या तोंडापेक्षा जरासा फिका. फार सुरेख काम होतं.

"हसतात का आता शाळेत?"

"नाही. माझ्याशेजारी दोघी बसतात."

"बरं झालं."

बाईंनी बोट पुढं केलं आणि त्या गालावरून हळूच फिरवलं. पोर खिडकीकडे बघत पाय हलवत राहिली.

"गुदगुल्या होतात का?"

"कधी?"

"आता."

"तू कुठं केल्यास?"

बाईंचं बोट तिच्या गालावरच होतं.

औषधखोलीत यंत्राची टिकटिक सुरू झाली. आधी सुटी सुटी, मग भरभर. बाईंनी पोरीच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. दुधी काचेआड, पोरीच्याच उंचीचं, कुणीतरी उभं होतं. काच कुणालाच स्पष्ट दाखवत नाही. माणूस आत असला की नुसता करडा ठिपका दिसतो. हाही तसाच करडा होता. त्यानं हात उचलला आणि आपल्या गालापाशी नेला.

बोट काढून घ्यावं, पोरीला उचलावं, जिना उतरावा, हे सगळं बाईंना सुचलं. पण ते करायला त्यांच्यात बळ उरलं नव्हतं. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी त्या पुढं कुणालाही सांगणार नव्हत्या. हा गाल त्यांनी पाच वर्षं धुतला होता. तो जिथं कुठं गेला होता, तिथं आता कोण धुणार होतं?

त्यांनी पोरीच्या कोऱ्या गालावरून हात पुन्हा फिरवला. सावकाश, पूर्ण तळव्यानं.

पलीकडचं ते जवळ आलं. मायेनं हात फिरवल्यावर लहान मूल जसं तोंड पुढं करतं, तसं ते पुढं झालं आणि काचेला टेकलं. दुधी काचेला काही अगदी टेकलं, की तेवढ्यापुरता रंग दिसतो. बाकी सगळं करडंच राहिलं. गालाचा तेवढा तुकडा दिसला. तो लाल होता.